आधी विका, मग तोला

आशा कार्यकर्त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, "घरी यायला थोडा आवाज शिल्लक ठेवशील ना?" अर्धं आयुष्य मी नर्स म्हणून ओरडण्यात घालवलं होतं. उरलेलं अर्धं आता ओरडून शिकवण्यात जाणार, हे त्या माणसाने माझ्याआधी ओळखलं.

आमचं प्रशिक्षण मोहाडीला एका सभागृहात चालायचं. आजूबाजूच्या गावांतल्या बाया यायच्या. कोणाच्या घरी धानाची रोवणी सुरू असायची, कोणाच्या म्हशीला आजच व्यायचं असायचं, कोणाची सासू फोन करून करून मीठ कुठे ठेवलं ते विचारायची. आठवडी बाजार असला की दुपारनंतर सगळ्यांचे डोळे खिडकीकडे. त्या दिवशी मी कितीही जीव तोडून अतिसार शिकवला तरी समोर वांगी आणि सुकी मासळीच दिसत असणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळायचं. नावं लक्षात राहत नाहीत म्हणून आम्ही एकमेकींना गावावरून हाक मारायचो. करडीवाली, अमक्या गावची, तमक्या गावची. मला त्या मॅडम म्हणायच्या आणि माझी पाठ वळली की आणखी काहीतरी म्हणायच्या. ते मी कधी ऐकायचा प्रयत्न केला नाही.

या सगळ्यांत मुख्य पात्र म्हणजे रबराचं बाळ. सरकारी सामानात आलेलं, गुटगुटीत, कायम हसरं. इतक्या बॅचेसनी त्याला गुंडाळून, उघडं करून, छातीशी धरून त्याचा एक कान झिजला होता. जन्मल्या जन्मल्या बाळाला आंघोळ घालू नका, हे मी पहिल्याच तासाला शिकवायचे, आणि दर बॅचला कोणीतरी मायाळू बाई जेवणाच्या सुट्टीत त्याला नळाखाली नेऊन स्वच्छ धुऊन आणायचीच. "लय मळलं होतं वो मॅडम."

त्या वर्षीच्या बॅचमध्ये एक बाई होती, करडीच्या पुढे जंगलाला लागून गोंडांची एक टोली, म्हणजे लहानशी वस्ती आहे, तिथली. तिला आम्ही टोलीवाली म्हणायचो. उंच, हातभर गोंदण, आणि आवाज असा की तलावाच्या पलीकडची बकरी हाकेसरशी परत यावी. गप्प बसणं तिला जमत नसे. बाळाचे श्वास मोजताना पूर्ण मिनिटभर न बोलता छातीकडे बघायचं असतं. ती बघायची, मोजायची, मधेच बाळाला "अवं रडू नोको" म्हणायची, मग शेजारणीला विचारायची, "माहे किती झाले होते?" शेजारीण तिच्या आठवणीने एखादा आकडा द्यायची आणि ही तिथून पुढे मोजायची. मी कपाळावर हात मारला तर म्हणाली, "मॅडम, डोकं दुखून राहिलं का? गोळी आहे माह्याजवळ." गोळी तिने माझ्याच किटमधून काढली.

पण खरं भांडण झालं ते काट्यावरून. बाळ तोलायचा काटा म्हणजे वर हातात धरायची कडी, मध्ये स्प्रिंग आणि खाली कापडाची झोळी. बाळ झोळीत ठेवायचं, काटा उचलायचा आणि रंग बघायचा. हिरवा असेल तर बरं, पिवळा असेल तर लक्ष ठेवा, लाल असेल तर गाडी बोलवा आणि दवाखाना गाठा. एवढं सोपं काम. सगळ्या बायांनी हसतखेळत केलं. टोलीवालीची पाळी आली, तिने बाळ उचललं, त्याचं टोपडं सारखं केलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"हे मी नाही करत."

"काहून?"

"आमच्यात लेकरू तोलत नाही."

"अवं बाई, हे लेकरू आहे का? रबर आहे रबर!"

"रबराचं असू द्या. सकाळपासून तुमीच बाळ-बाळ म्हणून राहिल्या ना?"

बाया हसल्या. मी नाही हसले. मी विचारलं, मग तुमच्यात तोलता तरी काय?

"मोहफूल तोलतो, धान तोलतो, बकरा तोलतो," ती म्हणाली. "काट्यावर चढवलं का घरातून गेलं. लेकरू कायले चढवाचं?"

आता माझं म्हणाल तर माझ्या माहेरी छप्पन्न सालापासून नवस, उतारा, गंडेदोरे सगळं बंद. आजोबांनी त्या वर्षी दीक्षा घेतली आणि घरातून देवघरच काढून टाकलं. वडिलांच्या समोर कोणी मांजर आडवं गेल्याचं बोललं तर ते त्याला मांजराची शरीररचना समजावून सांगायचे. असल्या घरात वाढलेली मी. मी तिथल्या तिथे अंधश्रद्धेवर असं काही बोलले की सभागृहाबाहेरचा चहावालाही आत येऊन उभा राहिला. टोलीवालीने सगळं लक्ष देऊन ऐकलं, दोनदा मान डोलावली, म्हणाली, "बरोबर आहे तुमचं," आणि हाताची घडी घालून उभी राहिली. बाळ माझ्याच कडेवर.

चहाच्या वेळी ती आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या घरासमोर एक सून होती, कोवळी पोर. तिचं पहिलं लेकरू अशक्त जन्मलं होतं. घरच्यांनी वाट बघत बघत फार उशिरा मोठ्या दवाखान्यात नेलं आणि ते परत आलं नाही. आता ती पुन्हा पोटुशी होती. सासू म्हणत होती, यावेळी काही झालं तरी तिकडे न्यायचं नाही. दवाखान्याची गाडी दारात उभीसुद्धा राहू देणार नाही.

"मी हे काम कायले धरलं, मॅडम? त्या पोरीसाठी धरलं," टोलीवाली म्हणाली. "हे लेकरू जगलं पाहिजे. मले शिकवा."

"मग तोलायला शीक."

"तोलाचं सोडून सगळं शिकवा ना."

अशा बाईचं काय करायचं? तिचा निकाल मी राखून ठेवला. प्रात्यक्षिक अपुरं, असा शेरा मारला आणि पुन्हा यायला सांगितलं. ती जाताना म्हणाली, "मॅडम, राग नोका धरू, रागाने बीपी वाढते." हेही मीच शिकवलं होतं.

मग धान कापणीचे दिवस आले. सकाळी चांगला गारठा पडायला लागला होता. एका सकाळी मी डबा भरत असताना तिचा फोन आला. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान वाटला.

"मॅडम, त्या पोरीले पहाटे झालं. गाडीले फोन करेपर्यंत घरीच झालं. दिवस भरले नव्हते. पोरगा आहे, पण लय बारीक आहे. पाय थंडगार लागून राहिले. बुढी दवाखान्यात नेऊ देत नाही. तुमी या. काटा आना."

"काटा तुझ्याजवळ आहे ना?"

"आहे. पन मी तोलत नाही."

आरोग्य केंद्राची जीप मिळाली. ड्रायव्हर जवान पोरगा होता आणि माझ्याशेजारी बसला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचा. टोलीवर पोचलो तेव्हा घरासमोर कापलेल्या धानाचे भारे रचलेले होते, आणि दारात सासू बसली होती. टोलीत सगळे तिला बुढीच म्हणायचे. वाळलेली, ताठ, तोंडात तंबाखू. आत खाटेवर सून आणि तिच्याशेजारी गोधडीत ते पोर. बाळाचा बाप अंगणात उकिडवा बसला होता. तो फार भला माणूस. जो सगळ्यात शेवटी बोलेल त्याचं त्याला पटायचं.

बाळाला बघितल्याबरोबर मला कळलं. एवढंसं तोंड, स्तन तोंडात दिला तर दोनदा ओढायचं आणि थकून झोपायचं. मी त्याला उघडं करून आईच्या छातीशी लावलं, वरून पदर, टोपी, गोधडी. सून मुकाट करत होती, पण तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हते. मी बाहेर येऊन बुढीला म्हटलं, याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे.

"नाही," बुढी म्हणाली. तंबाखू थुंकून परत म्हणाली, "नाही."

आता आमच्या पुस्तकात याचं उत्तर दिलेलं आहे. घरच्यांना धाकदपटशा करू नये. आधी ऐकून घ्यावं, मग त्यांचं जे चांगलं असेल त्याचं कौतुक करावं, मग सल्ला द्यावा. हे मी शेकडो बायांना शिकवलं होतं. मी ऐकून घेतलं. मग कौतुकाला लागले. अंगण किती स्वच्छ सारवलंय, म्हटलं. बुढीने माझ्याकडे संशयाने बघितलं. कोंबडी किती छान धष्टपुष्ट आहे, म्हटलं.

"विकाची नाही," बुढी म्हणाली.

"नाही वो, मला नको. मी नुसतं म्हटलं. बकरीही चांगली आहे."

"बकरी बी नाही विकाची." ती टोलीवालीकडे वळली. "हे कोनाले आनलंस? आधी तारीफ करून राहिली, अन् थैलीत काटा आहे तिच्या. मले दिसून राहिला."

मग मी दुसरा उपाय केला. म्हटलं, तुमचा माझ्यावर विश्वास नाही ना? काट्यावर विश्वास ठेवा. बाळ झोळीत ठेवू, लाल आला तर न्यायचं, नाही आला तर मी परत जाते. हे बोलून झालं आणि आपण काय बोललो ते माझ्या लक्षात आलं. अंगणातल्या सगळ्या बाया एकदम मागे सरकल्या. बाळाचा बाप म्हणाला, "नाही बा, तोलाचं नाही." शेवटची मीच बोलले होते, तरी यावेळी त्याला माझं पटलं नाही.

ऊन वर आलं. माझा संयम संपला. पुस्तकातलं सगळं संपलं. मी बुढीला सरळ म्हणाले की तुमच्या हट्टापायी हे लेकरू जाईल. बुढी शांतपणे म्हणाली, "माह्या घरचं लेकरू आहे. माह्या घरचं लेकरू त्या दवाखान्यात जात नाही. एक गेलं तेवढं पुरे." तिचा आवाज चढला नाही, पण तिने पदराचं टोक मुठीत असं धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. तेव्हा मला कळलं की ही बाई हट्ट करत नाही, घाबरलेली आहे. आणि घाबरलेल्या माणसाला समजावण्याचं पान आमच्या पुस्तकात नव्हतं.

तेवढ्यात टोलीवाली भडकली. इतका वेळ गप्प बसायचा ताण तिला सहन झाला नसावा.

"तुह्या घरचं आहे म्हून नाही ना?" ती बुढीवर ओरडली. "मग विकून टाक! तुही पोरगी बी अशीच विकली होती ना? जगली का नाही? विक अन् मोकळी हो!"

मला वाटलं आता मारामारी होते. पण बुढीने तंबाखू चघळणं थांबवलं. मग सगळ्या बाया एकाच वेळी बोलायला लागल्या, आणि मला हळूहळू उलगडत गेलं. ज्या घरात लेकरं वाचत नाहीत तिथे नवं लेकरू झालं की ते दुसऱ्या कोणाला विकायचं, सूपभर कोंड्याला नाहीतर अशाच कशाला. मग जे काही त्या घरच्या लेकराच्या मागावर असतं, त्याला त्या घरात लेकरू सापडत नाही. लेकरू मोठं झालं की परत घ्यायचं. तोपर्यंत ते घरातच राहतं, पण दुसऱ्याचं म्हणून. ही रीत टोलीत सगळ्यांना पाठ होती. या वेळी ती कोणाला सुचली नव्हती, कारण सगळे दवाखान्यावरून भांडण्यात गुंतले होते.

"कोनाले विकू?" बुढीने विचारलं.

टोलीवाली चालणार नव्हती, ती भावकीतली. टोलीतलं दुसरंही कोणी चालेना. एकमेकांत कुठूनतरी नातं निघतच होतं. एका बाईने आमच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. तो बिचारा जीपला टेकून उभा होता, एकदम सरळ झाला. "मॅडम, माह्यं अजून लग्न नाही झालं. घरी मारतील मले."

मग सगळ्यांचे डोळे माझ्यावर. बुढी उठून माझ्यासमोर आली.

"तुले लेकरं किती?"

"दोन."

"गेलं कोनतं?"

"नाही. एकही नाही."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. त्या बघण्यात हेवा होता, आणि तो तिने लपवला नाही. "मग तू घे," ती म्हणाली.

मी सरकारी नोकर. त्यात आमच्या घरचे संस्कार तुम्हाला सांगितलेच. वडिलांचा फोटो डोळ्यांसमोर आला आणि मी त्याला मनातल्या मनात म्हटलं, बाबा, दोन मिनिटं तिकडे बघा. बुढीला म्हटलं, घेते. काय देऊ?

इथे नवीन अडचण. कोंडा माझ्याजवळ कुठून असणार? टोलीवालीने धावत जाऊन आपल्या घरून सूपभर आणला, तर बुढी म्हणे, कोंडा हिचा तर लेकरू हिचं होईल. घेणारीचं स्वतःचं काहीतरी पाहिजे. मी पर्समध्ये हात घातला तर सगळ्या ओरडल्या, पैसा नाही, पैसा नाही, पैसा चांगला असते! लेकराच्या बदल्यात चांगली वस्तू घ्यायची नसते, अगदी टाकाऊ घ्यायची, म्हणजे लेकरू कोणाच्या नजरेत भरत नाही. माझ्या थैलीत काटा, फ्लिप चार्ट आणि जेवणाचा डबा. फ्लिप चार्ट बुढीने उलटसुलट करून बघितला. रंगीत होता, चांगला होता, बाद झाला. मग तिने डबा उघडला. दोन पोळ्या आणि सकाळी घाईत केलेली दोडक्याची भाजी. तिने बोटाने भाजी चाखली, डोळे मिटून नीट चघळली.

"हाव," ती म्हणाली. "हे चालते."

अंगणातल्या बायांनी माना डोलावल्या. एकीने स्वतः चाखून खात्री केली. माझ्या स्वयंपाकाबद्दल माझ्या सासूने इतकी वर्षं जे काही म्हटलं, ते सगळं त्या एका घासात सिद्ध झालं.

बुढीने आत जाऊन बाळ आणलं आणि माझ्या ओंजळीत ठेवलं. त्याचं काही वजनच लागलं नाही. मी त्याला झोळीत ठेवून काटा उचलला. कोणी अडवलं नाही, पण सगळ्यांनी तोंडं फिरवली, टोलीवालीनेसुद्धा. काटा लालमध्ये, आणि लालमध्येही वरच्या टोकाला. बुढीने रंग विचारला नाही. "आता तुह्यं आहे," ती म्हणाली. "तोल, नोको तोलू, दवाखान्यात ने, तू जान."

"आईला बरोबर न्यावं लागेल."

"मंग ने ना. तुले दूध पाजाले बाई पाहिजेच. तुह्यं वय पाह्य ना." सुनेला तिने हाताने उठवलं, स्वतःचं लुगडं तिच्या अंगावर घातलं, बाळ तिच्या छातीशी बांधून दिलं. मग बाप. तो सामान उचलायला म्हणून आला. आणि आम्ही जीपमध्ये बसल्यावर बुढी रिकामा डबा घेऊन मागच्या सीटवर चढली.

"तुम्ही कुठे?"

"तुहा डबा वापस द्याचा आहे ना."

डबा मी इथेच घेते, असं म्हणता आलं असतं. पण म्हटलं नाही. दवाखाना येईपर्यंत तिने तो मांडीवर घट्ट धरला होता. टोलीवाली पुढे ड्रायव्हरशेजारी. आयुष्यात पहिल्यांदा ती एक शब्द न बोलता, मागे वळून, बाळाच्या छातीकडे बघत बसली होती. ती मोजत होती, आणि या वेळी मधेच कोणाला काही विचारलं नाही.

मोठ्या दवाखान्यात नवीन गंमत. नवजात बाळांच्या कक्षाच्या दारात एक तरुण सिस्टर होती. तिने रीतीप्रमाणे विचारलं, बाळाचं कोण? बुढीने माझ्याकडे बोट केलं. सिस्टरने माझे पांढरे केस बघितले.

"मॅडम, तुमचं?"

"नाही. हिचं," मी सुनेला पुढे केलं.

"ते तर दूध पाजाले आनली," बुढी म्हणाली. "हे या बाईचं आहे. विकत घेतलं हिने. सकाळीच."

बाहेरचा पहारेकरी दोन पावलं जवळ आला. सिस्टरने हळूच टेबलावरचा फोन आपल्याकडे ओढला. मी समजावायला तोंड उघडलं, तर टोलीवालीचा आवाज परत आला आणि तिने माझ्या बाजूने साक्ष दिली, "खरं आहे सिस्टर, आमच्या सगळ्यांसमोर घेतलं. डबा देऊन." बाप म्हणाला, "हाव." माझी नोकरी, माझी पेन्शन, उद्याच्या पेपरात माझा फोटो, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. शेवटी आतून बालरोगतज्ज्ञ आले, आमच्याच जिल्ह्यातले. त्यांनी सगळं ऐकलं आणि बाळाला हातात घेत म्हणाले, "सिस्टर, फोन ठेवा. मलाही असंच विकलं होतं, शेजारच्या काकूंना. परत घेतलं की नाही, ते मी अजून आईला विचारलं नाही."

बाळ आत गेलं. त्यानंतरचे दिवस मी सांगायला बसले तर हसता येणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते. सुरुवातीला त्याची घसरणच झाली. दूध पचेना, मधेच श्वास अडकायचा. मी रोज काम संपलं की जायचे. सून आत असायची, बुढी बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून. ती कधी आत जाऊन बघायची नाही. लेकरू तिचं नव्हतं ना. मी बाहेर आले की विचारायची, "तुह्या पोराचं कसं आहे?"

"आज जरा बरं आहे."

"बरं आहे," ती भिंतीला सांगायची. एक दिवस मला बरं आहे म्हणता आलं नाही. मी नुसती शेजारी बसले. तिने विचारलं नाही. माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाली, "तुह्ये तर दोन्ही जगले. तुह्याजवळ जगते लेकरू. नोको भिऊ." ती माझं सांत्वन करत होती. मला खूप रडू आलं आणि मी रडले. माझ्या पेशात असं रडायचं नसतं, पण माझंच पोर आत होतं ना.

मग ते ओढायला लागलं. आधी चमच्याने, मग छातीशी. व्हरांड्यातल्या बाकीच्या आज्यांपर्यंत आमची गोष्ट पोचली होती. त्यातल्या एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, उद्या डबा आनणार आहा का?" काटा लालमधून खाली पिवळ्यात सरकला तेव्हा सुट्टी मिळाली, आणि मी स्वतः त्यांना जीपने टोलीवर सोडायला गेले.

टोलीवालीचं प्रात्यक्षिक त्यानंतर झालं. रबराचं बाळ पुढे ठेवलं, तर तिने मोठ्याने जाहीर केलं, "हे मॅडमचं आहे," आणि बिनदिक्कत झोळीत टाकून काटा उचलला. मी पास केलं. तपासणीच्या यादीत ही पायरी नाही, असं वरून आलेल्या निरीक्षकांनी मला सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे आहे. आता ती टोलीत कोणाचंही लेकरू तोलायच्या आधी हेच म्हणते. माझी त्या टोलीत किती पोरं झाली ते मी घरी सांगितलेलं नाही.

बुढीचा नातू मात्र वेगळा. तो म्हणण्यापुरता माझा नाही, रीतसर घेतलेला आहे. आम्ही टोलीवर परतलो त्या दिवशी तो परत घ्यायचा, असं सगळ्यांचं ठरलं होतं. बाया जमल्या. सूपभर कोंडा तयार होता. बुढीने सूप उचललं, माझ्यासमोर आणलं, आणि तसंच खाली ठेवलं.

"नाही घेत," ती म्हणाली.

"काहून?" टोलीवाली ओरडली.

"माह्याजवळचं एक गेलं. हिच्याजवळचं जगलं. राहू दे हिचंच."

सगळ्यांनी समजावलं. सून हसली आणि तिने पदर तोंडाला लावला. बुढी ऐकेना. तेव्हापासून मी टोलीवर गेले की मला पोराचा हिशेब मिळतो. तुह्यं पोरगं रात्रभर झोपू देत नाही. तुह्या पोराने माती खाल्ली. तुह्या पोराले दात आला, मले चावलं. हे सांगताना ते माझं पोरगं तिच्या कडेवर असतं, तिच्या कानातली बाळी ओढत.

नवव्या महिन्याच्या सुईला मी मुद्दाम गेले. अंगणवाडीसमोर बाया रांगेत बसल्या होत्या. पाळी आली तशी बुढीने त्याला माझ्या मांडीवर दिलं. "तुह्यं आहे, तूच धर. माह्याने पाहवत नाही." ती तोंड फिरवून उभी राहिली. मी त्याचा हात घट्ट धरला, नर्सने सुई दिली, आणि त्या पोराने असा टाहो फोडला की झाडावरची पाखरं उडाली. मी त्याला थोपटते न थोपटते तोच बुढी वळली आणि माझ्या हातातून त्याला हिसकावून घेतलं.

"दे इकडे! माह्यं लेकरू!"

तिने त्याला छातीशी दाबलं. मग आपण काय बोललो ते तिला कळलं. तिचा चेहरा उतरला. तिने हळूच आधी जंगलाकडे बघितलं, मग मागे, मग रांगेतल्या बायांकडे. सगळ्या बाया खाली मान घालून आपापल्या पोरांचे कपडे सारखे करायला लागल्या. टोलीवालीसुद्धा गप्प.

मी उठले आणि सगळ्यांना, जंगलालासुद्धा, नीट ऐकू जाईल अशा माझ्या शिकवायच्या आवाजात म्हटलं, "माझंच आहे वो ते. तुम्ही जरा धरून ठेवा."

"हाव," बुढी म्हणाली. "धरतो जराक."

आणि ती त्याला घेऊन घराकडे चालायला लागली.